जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा, मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस (जन्म : तंजावर, ४ जानेवारी १८९२, मृत्यू : मद्रास, ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, स्वातंत्र्यसेनानी आणि महात्मा गांधींचे सहकारी होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे संघटक व चिटणीस म्हणून त्यांनी वर्ध्यातील मगनवाडी येथे सुमारे दीड दशक काम केले. जमनालाल बजाज यांच्या मालकीची एक बागायती जमीन त्यांच्या देखरेखीखाली कारागिरी, संशोधन, प्रशिक्षण आणि प्रदर्शन यांचे केंद्र बनली. निसर्गाच्या मर्यादा ओळखून उत्पादन करावे, हा विचार त्यांनी पर्यावरणाची चळवळ जगात रूढ होण्याच्या कितीतरी आधी सुसंगतपणे मांडला. त्यामुळे त्यांना भारतातील पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जाते.

बालपण व शिक्षण

कुमारप्पांचा जन्म मराठी राजवटीचा दीर्घ वारसा असलेल्या तंजावर शहरात एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सॉलोमन दुरायस्वामी कॉर्नेलियस हे सार्वजनिक बांधकाम खात्यात अधिकारी होते. आई एस्थर राजनायगम या धर्मनिष्ठ होत्या व मुलांच्या संगोपनात त्यांनी शिस्त आणि दानशीलता यांना महत्त्व दिले. कुमारप्पांच्या भावंडांपैकी जगदीशन (जे. एम. कुमारप्पा) पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले, तर भारतन हे मगनवाडीच्या कामात त्यांचे निकटचे सहकारी होते.

मद्रासमधील शिक्षणानंतर ते पहिल्या महायुद्धापूर्वी लंडनला गेले. तेथे त्यांनी लेखापरीक्षणाचे शिक्षण पूर्ण केले आणि काही वर्षे नोकरीही केली. १९१९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईत लेखापरीक्षकाचा व्यवसाय सुरू केला. व्यवसायात त्यांचा चांगला जम बसला होता. राहणी पूर्णपणे पाश्चात्त्य होती आणि राजकारणाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक वित्त या विषयाचा अभ्यास केला. भारतातील दारिद्र्य आणि ब्रिटिश सरकारची करआकारणी व खर्चाची पद्धत यांचा संबंध हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सरकारी आकडेवारीच्या आधारे शोध घेताना भारतातून महसूल कसा गोळा होतो व तो कोणासाठी खर्च होतो, हे त्यांना स्पष्ट दिसू लागले. एका यशस्वी लेखापरीक्षकाचे राष्ट्रवादी अर्थतज्ज्ञात रूपांतर होण्यास हा प्रबंध कारणीभूत ठरला.

गांधीजींशी भेट

भारतात परतल्यावर प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या संदर्भात कुमारप्पा ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात गांधीजींना भेटले. ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीच ते पोहोचले होते. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारे वृद्ध गृहस्थ हेच गांधीजी आहेत, हे त्यांच्या लगेच लक्षात आले नाही. ओळख पटल्यावर तेही आपल्या उंची पोशाखासह जमिनीवरच बसले. त्यांचा प्रबंध गांधीजींनी आपल्या यंग इंडिया या साप्ताहिकात क्रमशः छापला व त्यांना खेड्यांची प्रत्यक्ष आर्थिक पाहणी करण्यास सुचवले.

त्यानुसार गुजरात विद्यापीठाच्या वतीने कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. विद्यापीठाची धुरा त्या वेळी काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती. गुजराती भाषा न येणारा, परदेशात शिकलेला हा माणूस खेड्यात कसा काम करणार, अशी शंका प्रारंभी व्यक्त झाली होती. कुमारप्पांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावची जमीन, पीक, कर्ज, सारा आणि कुटुंबांचे उत्पन्न यांची माहिती जमवली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल ग्रामीण भारताच्या क्षेत्रपाहणीचा एक आदर्श नमुना मानला जातो. याच काळात त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे कुलनाम स्वीकारले. ख्रिस्ती धर्मावरील त्यांची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी यंग इंडियाच्या संपादनाची जबाबदारी सांभाळली आणि त्याबद्दल तुरुंगवास भोगला. १९३२ नंतरच्या दुसऱ्या शिक्षेचा काळ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात काढला.

बिहारचा भूकंप

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये विनाशकारी भूकंप झाला. राजेंद्र प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या हिशेबाची जबाबदारी जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने कुमारप्पांवर सोपवण्यात आली. लोकांनी दिलेली प्रत्येक पै आपद्ग्रस्तांपर्यंत पोहोचावी, यासाठी त्यांनी स्वयंसेवकांच्या दैनंदिन खर्चावर कडक मर्यादा घातली. दौऱ्यावर आलेल्या खुद्द गांधीजींच्या परिवारालाही त्यांनी या नियमातून सूट दिली नाही. गांधीजींनी हा नियम मान्य केला. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत कुमारप्पांचा हा काटेकोरपणा पुढे त्यांची कायमची ओळख बनला.

मगनवाडी

मुंबई येथे ऑक्टोबर १९३४ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या ठरावानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे संघाचे अध्यक्ष आणि कुमारप्पा हे चिटणीस झाले. रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र रे आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांसारख्या मान्यवरांनी सल्लागार होण्यास संमती दिली.

संघाच्या कामासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व तीमधील घर दिले. गांधीजींचे पुतणे व खादीकार्याचे शिल्पकार मगनलाल गांधी यांचे १९२८ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी हे नाव देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स व टॉलस्टॉय फार्म या ठिकाणी गांधीजींनी शेतजमिनीवरच सामूहिक श्रमजीवनाचे प्रयोग केले होते आणि फिनिक्सच्या उभारणीत मगनलाल यांचा मोठा वाटा होता. मगनवाडीचा प्रयोग याच परंपरेतील होता. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते. एप्रिल १९३६ मध्ये ते जवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. त्यानंतर मगनवाडीची संपूर्ण जबाबदारी कुमारप्पांकडे राहिली.

मगनवाडीच्या आवारात तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, धान सडणे, पीठ दळणे, गूळ व साबण तयार करणे असे अनेक विभाग सुरू झाले. प्रत्येक विभागात जुन्या अवजाराचा अभ्यास करून त्यात सुधारणा करणे, तयार झालेल्या साधनाची चाचणी घेणे आणि गावाकडील तरुणांना ते वापरण्यास शिकवणे अशी तिहेरी पद्धत होती. झवेरभाई पटेल यांनी बैलाने चालणाऱ्या घाणीत केलेली सुधारणा विशेष प्रसिद्ध झाली. के. बी. जोशी यांनी हातकागदाच्या तंत्रावर काम केले आणि पुढे पुण्यात हातकागद संस्था उभारली. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगनचूल ही येथील आणखी दोन साधने होत. संघाची अनेक प्रकाशने हातकागदावर छापली जात. कुमारप्पांच्या संपादनाखाली ग्रामउद्योग पत्रिका हे नियतकालिक निघत असे आणि ग्रामसेवक विद्यालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतील विद्यार्थी शिकत असत.

या सर्व कामांत टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर हे समान सूत्र होते. पेंड जनावरांना व शेताला, मळमूत्र व पालापाचोळा खताला, चिंध्या व गवत कागदाला, अशी साखळी जुळवण्याचा प्रयत्न होता. वस्तू गावातून बाहेर गेली तरी तिचा कस मातीत परत आला पाहिजे, असा त्यामागील विचार होता. आज ज्याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, तिचे हे लहान प्रमाणावरील रूप म्हणता येईल.

कला आणि कारागिरी

कुमारप्पांच्या दृष्टीने कारागिराचे काम हे केवळ उपजीविकेचे साधन नव्हते. ज्या कामात माणसाला स्वतःची बुद्धी, हात आणि सौंदर्यदृष्टी वापरावी लागते, त्या कामातूनच त्याचे व्यक्तिमत्त्व घडते. यंत्राचा एक भाग बनून तीच क्रिया दिवसभर करणाऱ्या मजुराची ही वाढ खुंटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच कलेला दालनात बंदिस्त करण्याऐवजी ती मडके, चटई, कापड, कागद यांसारख्या रोजच्या वस्तूंत जपली जावी, असे त्यांना वाटे.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व इतर स्थानिक साहित्य वापरून तेथील सजावट केली होती. अधिवेशनासोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरले होते. खेड्यातील साहित्य आणि खेड्यातील हात यांच्या बळावर सुंदर वास्तू उभी राहू शकते, हे फैजपूरने देशाला दाखवले.

ग्रामोद्योगांचे दर्शन कायमस्वरूपी घडावे, या हेतूने मगनवाडीत मगन संग्रहालय उभारण्यात आले. त्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. खादी आणि ग्रामोद्योगांच्या वस्तू, अवजारे व प्रक्रिया यांची मांडणी येथे करण्यात आली. गावचा कारागीर येथे येऊन काही नवे शिकून जाईल, असे शिक्षणाचे साधन म्हणून या संग्रहालयाकडे पाहिले जात होते.

मध्य प्रांत व वऱ्हाडची पाहणी

१९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने प्रांतातील उद्योगांच्या पाहणीसाठी कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या प्रांतात तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याचा समावेश होता. आजचा गोंदिया जिल्हा हा त्याच जिल्ह्याचा भाग होता आणि १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र झाला. समितीने शहरातील कारखान्यांपेक्षा खेड्यांतील व्यवसाय, जंगल, पाणी व कच्चा माल यांकडे अधिक लक्ष दिले. १९३९ मध्ये अहवाल सादर झाला. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांतिक काँग्रेस सरकारांनी राजीनामे दिले आणि त्यातील शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. पुढे वायव्य सरहद्द प्रांताच्या आर्थिक विकासाचा आराखडाही त्यांनी तयार केला.

संघाच्या कार्यक्रमातील हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार हा पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याशी थेट संबंधित होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्वाचा मोठा अंश निघून जातो. अशा तांदळावरच मुख्यत्वे जगणाऱ्या लोकांना बेरीबेरीसारखे रोग होऊ शकतात. शिवाय उखळ-मुसळावर धान सडून चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रियांचे काम गिरणीमुळे जाते. आहार, आरोग्य आणि रोजगार ही तीन अंगे कुमारप्पांनी एकाच दाण्याच्या उदाहरणातून जोडून दाखवली. भात गिरण्यांचे शहर म्हणून पुढे गोंदियाचा लौकिक झाला. त्या भागातील वाचकाला या वादाचे महत्त्व सहज उमगण्यासारखे आहे.

शाश्वततेचे अर्थशास्त्र

१९४२ च्या चळवळीच्या काळात आपल्या लेखनामुळे व कार्यामुळे कुमारप्पांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन ग्रंथ लिहिले. एक येशूच्या शिकवणीवर होता, तर दुसरा शाश्वत अर्थव्यवस्थेवर. इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स या नावाने प्रसिद्ध झालेला दुसरा ग्रंथ त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. दोन्ही ग्रंथांना गांधीजींच्या प्रस्तावना आहेत. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगाचे व धर्मशास्त्राचे डॉक्टर अशा दोन पदव्या कौतुकाने बहाल केल्या होत्या. प्रकृती ढासळल्यामुळे १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

या ग्रंथात कुमारप्पांनी निसर्गातील जीवांच्या वागण्यावरून अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार सांगितले आहेत :

परोपजीवी : दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारी, उदाहरणार्थ, मेंढी मारणारा वाघ.
लुटारू : स्वतः काही न पिकवता दुसऱ्याच्या बागेतील फळे खाणारे माकड.
उद्यमी : स्वतःच्या श्रमाने घरटे बांधणारा पक्षी.
सामूहिक : संपूर्ण पोळ्यासाठी मध गोळा करणारी मधमाशी.
सेवाप्रधान : परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण.

मानवी समाजाने पहिल्या प्रकाराकडून शेवटच्या प्रकाराकडे जावे, हे त्यांच्या मते प्रगतीचे खरे माप होते.

साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था हा त्यांनी केलेला भेदही महत्त्वाचा आहे. कोळसा, खनिज तेल व धातू यांचे साठे वापरल्याने संपतात. त्यांच्यावर मालकी मिळवण्यासाठी राष्ट्रे एकमेकांशी लढतात. याउलट पाणी, वारा, सूर्यप्रकाश, जंगल व पशुबळ यांचा जपून वापर केल्यास ती संपत्ती पुन्हा पुन्हा मिळत राहते. समाजाने शक्य तितके दुसऱ्या प्रकारावर विसंबावे, असे त्यांनी मांडले. दुसरे महायुद्ध चालू असताना तुरुंगात लिहिल्या गेलेल्या या मांडणीत शांतता आणि पर्यावरण हे दोन प्रश्न एकत्र येतात.

शेतीसाठी त्यांनी संतुलित पीकयोजना सुचवली. एक लाख लोकवस्तीचा प्रदेश घेऊन प्रत्येक प्रौढ माणसाला रोज २,८६० उष्मांकांचा समतोल आहार व आवश्यक कापूस मिळण्यासाठी कोणते पीक किती जमिनीवर घ्यावे, याचे कोष्टक त्यांनी तयार केले. बाजारभाव पाहून पीक निवडण्याऐवजी आधी परिसराची गरज भागवावी, असे त्यामागील तत्त्व होते. ट्रॅक्टर व रासायनिक खतांच्या सरसकट वापरालाही त्यांचा विरोध होता. बैल ओढकामाबरोबर शेणखतही देतो, ट्रॅक्टर मात्र ते देत नाही, हा त्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतर

जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीचे कुमारप्पा काही काळ सदस्य होते. परंतु मोठ्या उद्योगांवर भर देणारी तिची दिशा न पटल्याने ते स्वातंत्र्यापूर्वीच तिच्यातून बाहेर पडले होते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४९ मध्ये सादर झालेल्या या समितीच्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि सहकारी शेती अशा शिफारशी होत्या. पुढील काळातील जमीन सुधारणांच्या चर्चेवर या अहवालाचा प्रभाव पडला, तरी त्यातील मूलगामी भाग मोठ्या प्रमाणात अमलात आला नाही.

ज्या सरकारसाठी आपण लढलो, तेच खेड्यांना दुय्यम स्थान देत आहे, ही खंत त्यांच्या या काळातील लेखनात दिसते. दिल्लीतील एका बैठकीला ते टांग्याने निघाले असता पंतप्रधानांच्या मोटारीसाठी त्यांना रस्त्यात थांबवण्यात आले, असा प्रसंग सांगितला जातो. पुढच्या वेळी आपण बैलगाडीनेच येऊ, असे त्यांनी नेहरूंना कळवले. लष्करी वाहनांमुळे अपघात होऊ नये म्हणून काही रस्त्यांवर बैलगाडीला मनाई असल्याचे उत्तर मिळाल्यावर, धोका निर्माण करणाऱ्या वाहनांना बंदी न घालता बहुसंख्य जनतेच्या वाहनाला बंदी घालणे लोकशाहीशी विसंगत आहे, असे त्यांनी सुनावले. त्यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे अनेक जुने सहकारी दुखावले गेले. मतभेद असूनही त्यांच्या निःस्पृहतेबद्दल मात्र कोणी शंका घेतली नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मगनवाडी सोडली आणि वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम सुरू केला. तमिळ भाषेत पन्नई म्हणजे शेत. आपण लिहिलेले संतुलित शेतीचे सिद्धांत स्वतः जमीन कसून तपासून पाहावेत, असा त्यांचा हेतू होता. मात्र उच्च रक्तदाबामुळे त्यांना हा प्रयोग फार काळ चालवता आला नाही. त्यानंतर मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात एका साध्या कुटीत ते राहिले. तेथे त्यांनी गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब शेतकऱ्याचे चित्र लावले होते. गांधीजी हे आपले स्वामी आणि हा शेतकरी हा त्या स्वामींचाही स्वामी, असे ते आलेल्यांना सांगत, अशी आठवण नोंदवली गेली आहे. कुमारप्पा आजन्म अविवाहित राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या बाराव्या पुण्यतिथीच्या दिवशी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथ

कुमारप्पांनी आपले बहुतेक लेखन इंग्रजीत केले. त्यांचे काही प्रमुख ग्रंथ पुढीलप्रमाणे :

पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी (१९३०)
सर्व्हे ऑफ मातर तालुका (१९३१)
व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट? (१९३६)
प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस (१९४५)
इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स (१९४५)
गांधीयन इकॉनॉमिक थॉट (१९५१)

वारसा

कुमारप्पांच्या हयातीत त्यांचे विचार कालबाह्य मानले गेले. दोन पंचवार्षिक योजनांच्या काळात धरणे, पोलाद कारखाने व यांत्रिक शेती यांना प्राधान्य मिळाले आणि ग्रामोद्योगांकडे बेकारांना काम देण्याची तात्पुरती सोय म्हणून पाहिले गेले. १९७३ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाकर यांनी स्मॉल इज ब्यूटिफुल या ग्रंथात कुमारप्पांच्या विचारांचा आधार घेतला आणि त्यांचे नाव जगभरातील वाचकांपर्यंत पोहोचले. इंधनटंचाई, जमिनीचा घसरता कस आणि हवामान बदल या प्रश्नांच्या संदर्भात पुढे त्यांच्या लेखनाचा नव्याने अभ्यास होऊ लागला. जयपूर येथील कुमारप्पा ग्रामस्वराज्य संस्था त्यांच्या नावाने कार्यरत आहे.

मगनवाडीच्या परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे ग्रामीण उद्योगांसाठी संशोधन व प्रशिक्षण चालते. मगन संग्रहालयही पाहण्यास खुले आहे. संग्रहालय समितीने खादी, वनस्पतिजन्य रंग आणि सेंद्रिय शेती यांची सांगड घालणारे उपक्रम हाती घेतले आहेत. कापूस पिकवणारा शेतकरी, सूत कातणारी स्त्री, विणकर व रंगारी यांना एका साखळीत आणण्याचा हा प्रयत्न कुमारप्पांच्या मूळ कल्पनेशी सुसंगत आहे. वर्धा येथे सेवाग्राम व पवनार पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहलींना मगनवाडीतही या विचाराची साधने व अवजारे प्रत्यक्ष पाहता येतात.